स्वमग्न व चंचल मुलें आणि घरचे उद्योग

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे वर्गांत कोणाचेंच लक्ष फळ्याकडे नसतें. गोणपाट कोणाकडे आहे, माती कोठून आणावी, मावळे मंडईजवळ घ्यावेत कीं कुंभारवाड्यांत, ह्याचींच खलबतें चालतात. अशा गडबडींत आमचा एक विद्यार्थी मात्र गप्प बसे. त्याचा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. मित्र घरीं आले तर तो किंचाळेल कीं दार लावून घेईल, ह्या धास्तीनें हा मुलगा कोणास घरीं बोलावीतच नसे. आम्ही त्याचे वर्गशिक्षक असूनही हें आम्हांस दोन वर्षें ठाऊक नव्हतें.

ज्यास इंग्रजींत ऑटिझम म्हणतात तीच स्वमग्नता. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर ह्यांनीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. माणसांत मिसळणें त्यांस कठीण जाई, आणि रोजचा क्रम जरा मोडला कीं तीं व्याकुळ होत. दुसरी अवस्था अतिचंचलतेची. तिला हल्लीं एडीएचडी म्हणतात. बुद्धि असूनही स्वतःस आवरतां न येणाऱ्या मुलांविषयीं डॉक्टर जॉर्ज स्टिल ह्यांनीं १९०२ सालींच लंडन येथें व्याख्यानें दिलीं होतीं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुलांत असूं शकतात. आईच्या थंड वागणुकीमुळें मूल स्वमग्न होतें असें मध्यंतरीं मोठमोठे विद्वान् म्हणत. त्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें, परंतु कित्येक मातांनीं तो दोष निमूटपणें सोसला. आपल्या देशांत २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें स्वमग्नतेस स्पष्ट स्थान दिलें आहे. निदान मात्र डॉक्टरांनींच करावें; तें शेजाऱ्यांचें काम नव्हे, आणि शिक्षकांचेंही नव्हे.

शिक्षकांचें नांव आम्ही मुद्दाम घेतलें. एका मुलास चंचलपणापायीं आम्हीं बांकावर उभें केलेलें आहे, आणि तें एकदांच नव्हे. तो तेथेंही एका पायावर डोलत राही व वर्ग हंसे. पुढें त्याच्या मातोश्रींनीं डॉक्टरांचा कागद आणून आमच्या हातीं ठेवला. त्या कांहींच बोलल्या नाहींत.

कुटुंबानें मिळून कांहीं करावयाचें म्हणजे सर्वांनीं एकाच जागीं, एकाच वेळीं, एकच गोष्ट करावयाची, अशी आपली समजूत असते. ह्या मुलांच्या घरीं ती अडचणीची होते. म्हणून दिवाळीचा किल्ला आम्हांस फार सोयीचा वाटतो. विटा वाहणें, माती चाळणें, चिखल पायांनीं तुडविणें, हीं कामें चंचल मुलाचीं. ज्यास खुर्चीवर पांच मिनिटें बसवत नाहीं, तो बादल्या वाहतांना अर्धा तास दमत नाहीं. त्यास ‘नीट काम कर’ असें सांगून उपयोग नसतो. ‘सहा विटा आण’ असें सांगावें, व आणल्यावर पुढचें सांगावें. एका दमांत चार सूचना दिल्या तर पहिली तेवढी ध्यानांत राहते. कधीं तीही नाहीं.

स्वमग्न मुलाचें तसें नाहीं. ओल्या चिखलाचा स्पर्श कित्येकांस सहन होत नाहीं. त्यांच्या हातीं थापी द्यावी. किंवा किल्ल्यावर अळीव पेरण्याचें व सकाळसंध्याकाळ पाणी शिंपडण्याचें काम सोंपवावें. अळीव थोड्याच दिवसांत हिरवें दिसूं लागतें. रोज त्याच वेळीं तेंच काम, ह्यांत पुष्कळ स्वमग्न मुलांस सुख वाटतें. शिवाय किल्ला करतांना समोरच्याच्या तोंडाकडे पाहून बोलावें लागत नाहीं. शेजारीं बसून आपापलें काम करतां येतें. आवाज फार झाला तर उठून घरांत जातां येतें, आणि परत आल्यावर किल्ला तेथेंच असतो. लग्नाच्या पंगतींतून किंवा नाटकाच्या खेळांतून असें उठून जाणें व परत येणें किती अवघड, हें पालकांस सांगावयास नको.

म्हणून बाहेर जाणें सोडावें असें मात्र नव्हे. पर्वतीस पहाटे जावें. एकशें तीन पायऱ्या मोजीत चढणाऱ्या मुलास शेवट कोठें आहे हें आधींच ठाऊक असतें, आणि धांवणाऱ्यास धांवावयास मिळतें. (त्याच्याबरोबर धांवणारेंही कोणी असावें, चाळिशी उलटलेल्या आमच्यासारख्यांचें तें काम नव्हे.) पेशवे उद्यानांत १९५६ सालीं फुलराणी ही लहानशी आगगाडी सुरू झाली. त्याच रुळांवरून तीच फेरी. वडील मंडळी दोन फेऱ्यांत कंटाळतील, पण असें एखादें मूल दहाव्या फेरींतही कंटाळणार नाहीं. गाडी त्या दिवशीं चालू आहे ना, एवढें आधीं विचारून घ्यावें. वचन देऊन ती बंद निघाली तर सारा दिवस वायां जातो. निघण्यापूर्वीं कागदावर चार चित्रें काढून दाखवावींत: रिक्षा, बाग, गाडी, घर. गणपतीच्या मिरवणुकींत मात्र ‘सवय होईल’ म्हणून ओढीत नेऊं नये. ढोलताशा ज्याच्या कानांत सुईसारखा टोंचतो, त्याची भीतीच वाढते. गर्दी नसतांना दुपारीं मांडवांत नेऊन आणावें.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांशीं आमचें असेंच बोलणें झालें होतें. मागील दिवाळींत त्यांच्याकडे किल्ला पाहावयास गेलों. वर्गांतील तीन मित्र आलेले होते. तिघांनीं एकदम न येतां एकामागून एक यावें, असें आधींच ठरलें होतें. धाकट्यानें सारे मावळे उंचीप्रमाणें एका रांगेंत लावले होते. दरवाज्यावर पहारेकरी एकही नव्हता. एका मित्रानें एक मावळा उचलून बुरुजावर ठेवला. धाकट्यानें तो काढून पुन्हां रांगेंत नेऊन लावला. कोणी हंसलें नाहीं. थोड्या वेळानें त्याच मित्रानें खिशांतून आपल्या घरचा एक मावळा काढला व तो रांगेच्या शेवटीं ठेवूं लागला. तेव्हां धाकट्यानें त्याच्याकडे न पाहतांच त्याचा हात धरला आणि बरोबर जागा दाखविली: डावीकडून चौथी.