विचारपूस : बिनपैशाचे औषध

शेजाऱ्याला ताप आला की आपण त्याला दवाखान्यात नेतो. मन आजारी पडले, तर मात्र ते चटकन दिसत नाही. रोज पारावर बसणारा माणूस घरीच बसू लागतो. झोप उडते, जेवण गोड लागत नाही, कामात मन रमत नाही. ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ते नैराश्य असू शकते. नैराश्य म्हणजे आळस किंवा भित्रेपणा नव्हे. तो उपचाराने बरा होणारा आजार आहे.

शेतकरी आत्महत्यांमुळे आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर झाले. नापिकी, कर्ज आणि कापसाचा भाव हे प्रश्न विचारपुशीने सुटणारे नाहीत. त्यांची जबाबदारी शासनाचीच. परंतु संकटातला माणूस एकटा पडू न देणे आपल्या हाती आहे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांशी संवाद साधला आणि गरजूंना समुपदेशक व डॉक्टरांपर्यंत पोचवले. पूर्वी नैराश्याच्या 100 रुग्णांपैकी जेमतेम 4 जण उपचार घेत. दीड वर्षात हे प्रमाण 27 वर गेले. हे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. राज्य शासनाने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही आशा सेविकांवर अशीच घरभेटीची जबाबदारी होती.

आपण काय करावे?

‘काकाजी, अलीकडे दिसत नाही, बरं आहे ना?’ एवढे विचारावे आणि मग ऐकावे. मध्येच उपदेश करू नये, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून विषय संपवू नये. दवाखान्यात सोबत जावे, एखाद्या दिवशी त्यांची जनावरे पाहावीत, घरी भाजी-भाकरी पोचवावी. सांगितलेली गोष्ट चावडीवर नेऊ नये.

जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे शांतपणे विचारायला कचरू नये. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उत्तर ‘हो’ आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

घरातला माणूस गेल्यावर सांत्वनाला सारा गाव येतो. त्यातल्या एकाने आधी जाऊन विचारपूस केली, तर कदाचित ती वेळच येणार नाही.