हात उचलला की...

उज्जैनच्या भैरवगढात, काळभैरवाच्या देवळाबाहेर, कुत्र्यांची चंगळ असते. कुत्रा हे भैरवाचं वाहन. त्यामुळे देवाला मद्य चढवून बाहेर पडलेले भाविक त्यांना बिस्किटं घालतात. पण रस्ता म्हटला की दगडासाठी वाकणारेही आलेच. म्हणून एखादं कुत्रं मान लांब करून पुढे येतं, मागचे पाय मात्र पळायच्या पवित्र्यात ठेवतं. पुडा कुरकुरला की शेपूट हलते; कुणी नुसतं खाली वाकलं तरी ते चार हात लांब.

दोन्ही वेळा घडायचं ते अजून घडलेलंच नसतं.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात भूल न देता निश्चल पडून राहायला शिकवलं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या प्रयोगात कुत्री दोनच होती. हाताची एक खूण म्हणजे खाऊ, दुसरी म्हणजे काही नाही. खाऊची खूण दिसताच, घास तोंडात पडण्याआधी, मेंदूतला कॉडेट हा भाग जास्त सक्रिय व्हायचा.

हा हिशेब कसा चालतो, ते वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीची नोंद घेऊन दाखवलं. अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिन पेशी जोरात स्पंदन पावत. सराव झाल्यावर त्या खुणेलाच प्रतिसाद देत. मग रस मिळाला तरी त्यांना त्याचं अप्रूप नसे. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या वेळी त्या मंदावत. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, एवढंच त्या मोजतात. ‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे व्हॉट्सॲपी ज्ञान इथे तोकडं पडतं.

निराशेचा निरोप पोचवायला वेगळी वाट आहे. खाऊ हुकला की पार्श्व हबेन्युला या इवल्याशा भागातल्या पेशी चेकाळतात आणि डोपामिन पेशींना लगाम घालतात, हे मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी 2007 मध्ये माकडांतच दाखवलं. दगडाची भीती लक्षात ठेवण्यात मोठा वाटा मेंदूतल्याच अमिग्डाला या भागाचा.

आपल्याकडे नागपूर विद्यापीठात दादासाहेब कोकरे, निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांनी खाऊच्या ओढीमागची ही यंत्रणा उंदरांत तपासली. तिथला उंदीर पंजाने कळ दाबतो आणि स्वतःच्याच मेंदूत विजेची सौम्य लहर मिळवतो. ती हवीहवीशी वाटण्यात ‘कार्ट’ नावाच्या पेप्टाइडचा हात असल्याचं त्यांच्या कामातून दिसलं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना मात्र पिंजरा नसतो. ती सरळ निघून जाऊ शकतात. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र यांच्या गटाने म्हणूनच प्रयोग रस्त्यावर नेला. अनोळखी माणसाच्या हातातलं घ्यायला ही कुत्री आधी कचरत, जमिनीवर ठेवलेलं उचलत. पुढे काहींना जादा खाऊ मिळत गेला, काहींना नुसतं कुरवाळलं गेलं. 2017 मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की वारंवारच्या भेटींत माणसावर विश्वास बसवायला खाऊपेक्षा कुरवाळणंच जास्त उपयोगी पडलं.