झिरकोनिया कॅप टिकते. पण तिच्याखालचा दात?

जळगाव असो वा धुळे, रूट कॅनलनंतर आता झिरकोनियाची कॅप हमखास सुचवली जाते. महाग आहे, मग टिकेल किती, हा रुग्णाचा पहिला प्रश्न.

मजबूत कशामुळे?
झिरकोनिया हे झिरकोनियम धातूचे ऑक्साइड. त्यात बारीक तडा गेला, की तिथले स्फटिक फुगून तडा रोखतात. म्हणूनच १९७५ मध्ये संशोधकांनी त्याला 'सिरॅमिक पोलादा'ची उपमा दिली.

सगळ्या कॅप सारख्याच?
नाही. अखंड झिरकोनियाची कॅप दाढेवरचा जोर उत्तम पेलते. पोर्सलेनचा थर दिलेली जास्त नैसर्गिक दिसते. पण थराचा टवका उडू शकतो.

मग बिघडते काय?
कॅपला कीड लागत नाही; तिच्या कडेजवळच्या दाताला लागते. कधी आतले सिमेंट सुटते. वॉरंटी कार्ड साधारणपणे कॅपची हमी देते, दाताची नाही. निगा राखल्यास कॅप १० ते १५ वर्षे, अनेकदा त्याहून जास्त टिकते.

काय कराल?
कळण्याची भाकरी खुशाल खा. सुपारी, बर्फ मात्र दाताने फोडू नका. दिवसातून दोनदा ब्रश करा, फटी फ्लॉसने साफ करा. सहा महिन्यांनी दात तपासून घ्या. कॅप हलली, तर दुखण्याची वाट पाहू नका.