निळी रेषा कोणासाठी?

पावसाळा आला की पुण्या-मुंबईच्या प्रशासनाला ओढे-नाले आठवतात. ओढे आठवले की काठावरच्या झोपड्या आठवतात, आणि झोपड्या आठवल्या की बुलडोझर! हा क्रम आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणूनच ओढ्याकाठच्या बांधकामबंदीचा नियम काय आहे आणि तो कोणाला लागू होतो, हे आंबेडकरी समाजाने नीट समजून घेण्याची वेळ आली आहे.

नियम साधा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथपर्यंत पोहोचतो ती निळी पूररेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोहोचतो ती लाल पूररेषा. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, वाहनतळ, खुला भाजीबाजार चालेल, नवे घर चालणार नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोते उंच ठेवून बांधता येते. जिथे पूररेषा आखलेली नाही तिथेही नदी-नाल्याच्या काठापासून ठराविक अंतर मोकळे सोडावे लागते. 2020 सालच्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीतही हेच तत्त्व आहे.

या तत्त्वाला आमचा विरोध नाही, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो. ओढ्याला पसरायला जागा हवी. ती नसली की काय होते ते 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्याने पाहिले. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा फुगला आणि काठच्या वस्त्यांत शिरला. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून गोरगरीब माणसे दगावली. मेलेले आमचेच होते. तेव्हा पूररेषा नकोच, असे म्हणणारा नेता वस्तीचा मित्र नव्हे.

आमचा सवाल वेगळा आहे. रेषा एकच असताना तिचा अर्थ माणूस पाहून का बदलतो?

नियमावलीतच एक पळवाट आहे. सखल जमिनीतून जाणाऱ्या, ठळक काठ नसलेल्या छोट्या प्रवाहाला वळण देण्याची परवानगी जमीनमालक मागू शकतो. म्हणजे ज्याच्याकडे सातबारा आहे, वास्तुविशारद आहे, त्याच्यासाठी ओढा सरकतो. ज्याच्याकडे फक्त रेशनकार्ड आहे, त्याच्यासाठी माणूस सरकतो! एकाला ‘मंजूर आराखडा’ म्हणतात, दुसऱ्याला ‘अतिक्रमण’.

आणि ओढा वळवणे ही काही आजची गोष्ट नव्हे. याच आंबील ओढ्याचा प्रवाह पेशवाईत, नानासाहेबांच्या काळात शहराच्या पेठांपासून दूर वळवण्यात आला. पेठा सुरक्षित झाल्या. पाणी ज्या बाजूला ढकलले गेले, त्या बाजूला पुढे कोण राहायला आले? दुष्काळाने गाव सोडलेला, गावकुसाबाहेरचा माणूस. गावात त्याचा वाडा वेशीबाहेर, शहरात त्याची झोपडी नाल्याकाठी. त्याने ही जागा हौसेने निवडली नाही. दुसरी कोणतीही जागा त्याला मिळाली नाही, म्हणून तो तिथे राहिला.

मुंबईची कथा वेगळी नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने शहर बुडवले. पुढे मिठीकाठच्या हजारो झोपड्या हटवल्या गेल्या. पण याच मिठीला विमानतळाच्या धावपट्टीसाठी काटकोनात वळवले होते, तिच्या मुखाशी दलदलीत भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभे केले होते. ते काचेचे मनोरे हटवा, असे कोणी म्हणाले काय?

24 जून 2021 रोजी, भर पावसाळ्यात, कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत असताना, पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीवर बुलडोझर फिरला. बायाबापड्या रस्त्यावर आल्या आणि त्याच दिवशी न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात 1985 सालीच सांगितले आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर खोली देणे म्हणजे तिची चार घरची कामे काढून घेणे. त्याला पुनर्वसन म्हणता येईल काय?

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या योजनांना त्यांनी दिशा दिली. 1945 साली कटकच्या परिषदेत त्यांनी मांडले की पाण्याचा अतिरेक हे संकट मानून चालणार नाही. पाणी नियोजनपूर्वक अडवून लोकांच्या हितासाठी वापरले पाहिजे. पूर हा दैवाचा नव्हे, नियोजनाचा प्रश्न आहे, हा त्या विचाराचा अर्थ. ज्यांनी महाडला पाण्याचा हक्क मिळवला, त्यांच्या लेकरांनी पाण्यापासून वाचण्याचा हक्कही मागितला पाहिजे.

पण इथे आम्हाला आमच्याच चळवळीलाही दोन शब्द सुनवायचे आहेत. बुलडोझर आला की आम्ही निळे झेंडे घेऊन धावतो. मात्र विकास आराखडा जाहीर होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा आम्ही कुठे असतो? बिल्डर तेव्हा नकाशा घेऊन कार्यालयात बसलेला असतो, आम्ही जयंतीच्या मंडपाच्या वर्गणीत. रेषा कागदावर आखली जाते तेव्हाच लढाई अर्धी हरलेली असते.

म्हणून आमची मागणी आहे की निळ्या-लाल रेषांचे नकाशे मराठीत, प्रत्येक वस्तीच्या विहारात आणि समाजमंदिरात लागले पाहिजेत. ज्यांना हलवायचे त्यांना आधी जवळचे घर मिळाले पाहिजे, मगच झोपडी हटली पाहिजे. पावसाळ्यात कोणाचेही छप्पर काढता कामा नये. आणि रेषेच्या आत उभ्या असलेल्या बंगल्या-मनोऱ्यांची यादी झोपड्यांच्या यादीआधी जाहीर झाली पाहिजे.

आणि समाजबांधवांनो, आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरांना एक काम सांगा. महापालिकेत जाऊन आपल्या ओढ्याचा नकाशा मागा. ‘शिका’ या शब्दात नकाशा वाचायला शिकणेही येते. निळा रंग आपला आहे. त्या रंगाची रेषा आपल्याला न विचारता, आपल्याच घरावरून का ओढली जावी?