अडवलेल्या पुलापासून पुढे
लाँग मार्चच्या वाटेवर वस्तीतली मुले

नामांतराचा लाँग मार्च हे शब्द आपल्या घराघरात ठाऊक आहेत. पण तो मार्च कोठून निघाला, कोठे अडवला गेला, माणसे कोठे झोपली, काय खाऊन चालली, असे विचारले की वस्तीतली दहावी-बारावीची मुले एकमेकांकडे पाहतात. दोष त्यांचा नाही. आम्ही आज चाळिशी ओलांडलेले कार्यकर्तेही त्या मार्चचे साक्षीदार नाही. आम्ही तो वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. ऐकलेले पुढे सांगताना निम्मे गळून जाते. म्हणून वाटूर आणि आसपासच्या वस्त्यांतील अठ्ठावीस मुलामुलींना घेऊन आम्ही नोव्हेंबरअखेर त्या वाटेचा एक तुकडा पायी चाललो. इतर गावच्या समाजबांधवांना उपयोग व्हावा म्हणून त्याची हकिकत येथे देत आहोत.

पुलाचा इतिहास

निघण्यापूर्वी तीन रविवार विहारात बसून आम्ही मुलांना इतिहास सांगितला. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातल्या गोरगरिबांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते त्यानंतर, १९५८ मध्ये. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे ही मागणी या उपकारातून आली होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत फार नुकसान झाले. तेव्हा जालना जिल्हा नव्हता. परतूर तालुका, म्हणजे आपले वाटूरही, परभणी जिल्ह्यात होते. हे सांगितले तेव्हा मुले सावरून बसली. लांबची वाटणारी गोष्ट आपल्याच जिल्ह्याची निघाली!

ठराव होऊनही अंमलबजावणी होईना. तेव्हा प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. रोज सुमारे तीस किलोमीटर चालत हजारो स्त्री-पुरुष औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निघाले. वाटेतल्या वस्त्यांनी भाकरी बांधून दिली. बुलढाणा जिल्ह्यात दुसरबीडजवळ खडकपूर्णा नदीच्या पुलावर २७ नोव्हेंबरला मार्च अडवला गेला. लाठ्या चालल्या, धरपकड झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ठराव आणि नामविस्तार यांच्या मधल्या काळात टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये आत्मदहन केले.

मार्च जेथे अडवला तेथून पुढे आपण चालायचे, असे मुलांनीच ठरवले. पुलापासून सिंदखेडराजा हा पहिला मुक्काम, तेथून जालना हा दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी एस.टी.ने विद्यापीठाच्या दारात.

दोन अडचणी

पहिली अडचण पोटाची. दिवाळी झाली की आपल्या भागातील कितीतरी घरे ऊसतोडीला गेलेली असतात, मुले आजी-आजोबांजवळ. जी घरे गावात आहेत त्यांची कापूस वेचणी चालू. एक माउली आम्हाला स्पष्ट म्हणाली, "भाऊ, दोन-तीन दिवसांची वेचणी बुडंल. पोरगी चालून घरी काय आणणार?" प्रश्न रास्त होता. त्यावर भाषण देऊन भागले नसते. आदल्या दोन रविवारी सगळ्या मुलांनी सावड केली. सर्वांनी मिळून कापूस वेचला आणि ज्या तीन मुलींची मजुरी बुडणार होती त्यांच्या घरी ते पैसे दिले. चळवळीचा पहिला धडा मुलांनी चालण्याआधीच गिरवला.

दुसरी अडचण मुलींची. "पोरी रस्त्याने रात्री कुठं राहणार?" हा प्रश्न प्रत्येक घरात आला. आम्ही चार आयांनाच सोबत घेतले. मुलींचा मुक्काम त्यांच्यासोबत, बंद दाराच्या खोलीत, अशी सोय आधी स्वतः जाऊन पाहून आलो. अठ्ठावीसपैकी तेरा मुली आल्या त्या या चार आयांमुळे. लाँग मार्चमध्ये आपल्या मायमाउल्या कडेवर लेकरे घेऊन चालल्या होत्या. त्यांच्या नाती घरी बसल्या असत्या तर या चालण्याला काय अर्थ राहिला असता?

नक्कल कशाची करायची?

पूर्वजांच्या वाटेने मुलांना चालवणारे आपण एकटे नाही. अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या चर्चची मुले आपल्या पूर्वजांसारखे जुने कपडे घालून, हातगाड्या ओढत माळरानातून चालतात. १८५६ मध्ये त्यांच्या पूर्वजांच्या दोन तुकड्या बर्फात अडकून दोनशेहून अधिक माणसे दगावली, त्याची ती आठवण. याच देशात काळ्या बांधवांच्या मतदानाच्या हक्कासाठी ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावातून मोर्चा निघाला. तोही पुलावरच झोडपला गेला. दोन आठवड्यांनी तेच लोक पुन्हा निघाले, पूल ओलांडला आणि सुमारे ८७ किलोमीटर चालून माँटगोमेरीला पोहोचले. त्या पुलावर आजही दरवर्षी माणसे जमतात आणि तो ओलांडतात.

हे ऐकून एका मुलाने सुचवले, की आपणही पुलावर अर्ध्यांनी पोलीस व्हावे, लाठीमार करून दाखवावा, मोबाइलवर त्याचे चित्रण करावे. यावर विहारात तासभर चर्चा झाली. शेवटी एका आजींनी निकाल दिला. १९७८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दोन रात्री लेकराच्या तोंडावर हात ठेवून ज्वारीच्या शेतात काढल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मार खायचं नाटक करू नगा रं बाळांनो. आमाला ते नाटक नव्हतं." ठरले. चालणे खरे, भाकरी-ठेचा खरा, जमिनीवरची झोप खरी. मार आणि मरण यांचे सोंग करायचे नाही. डीजे नाही, फटाके नाहीत.

वाटेवर

पुलावर त्रिशरण-पंचशील घेतले, शहिदांची नावे वाचली आणि एका रांगेत, न बोलता पूल ओलांडला. खाली खडकपूर्णेचे पाणी, शेजारून ट्रक. कोणी कोणाला गप्प बसायला सांगावे लागले नाही.

पहिला टप्पा लहान होता. जालन्याकडचा दुसरा टप्पा मात्र तीसेक किलोमीटरचा. दुपारनंतर पायांना फोड आले, काही मुले रडकुंडीला आली. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "भाऊ, त्यांनी असे रोज चालले?" आमच्या तीन रविवारच्या व्याख्यानांनी जे काम केले नव्हते ते त्या फोडांनी केले. आज समृद्धी महामार्गाने नागपूरहून संभाजीनगर काही तासांवर आले आहे. तेच अंतर पावलांनी मोजले की माणसांची किंमत कळते.

विद्यापीठाच्या दारात फोटो झाले. मग बारावीतली एक मुलगी म्हणाली, "नाव तर मिळालं. पण आपल्या वस्तीतून इथं शिकायला कोण आलंय?" अठ्ठावीस घरांपैकी दोन घरांतून, असा हिशेब निघाला. तेथेच सावलीत बसून आम्ही वही काढली. कोणाचा जातीचा दाखला नाही, कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना झाला, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला, कोणी शाळा सोडली, सारे लिहून घेतले. कारकुनी आमच्या हातची. आता दर रविवारी विहारात त्या यादीवर काम चालते. पोरगी चालून काय आणणार, या प्रश्नाला आमच्याकडे सध्या तरी ही यादी आहे.

आपल्या गावी करायचे असेल तर

पोलीस ठाण्याला आधी लेखी अर्ज द्या. पहाटे निघा, अंधार पडण्याआधी मुक्काम गाठा. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे एका रांगेत चाला. मागे पाण्याची आणि औषधांची एक गाडी असू द्या. नवे बूट नकोत, पायात रुळलेले घाला. दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा.

आणि सर्वांत आधी, आपल्या वस्तीत त्या मार्चमध्ये चाललेले किंवा ७८ सालची झळ सोसलेले कोणी आहे का, ते शोधा. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मुलांना वही-पेन देऊन त्यांच्याकडे पाठवा आणि त्यांचे बोल जसेच्या तसे उतरवून घ्या. वाट पुढच्या वर्षीही असेल. सांगणारे असतीलच असे नाही.

जय भीम!