विश्लेषण : जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा कोणता दिवा ‘रीसेट’ करायचा, कोणता नाही?

मलकापूरहून बुलढाण्याला येताना मोताळा मागे पडले की राजूर घाट लागतो. मे महिन्यातली दुपार, गाडीत पाच माणसे, एसी सुरू आणि गाडी बारा-तेरा वर्षे वापरलेली. चढ अर्धा झाला असताना डॅशबोर्डवर एक दिवा लागतो. अशा वेळी ‘वर पोहोचल्यावर बघू’ असे म्हणून बहुतेक जण गाडी तशीच दामटतात. नंतर एखाद्या गॅरेजमध्ये ‘रीसेट’ मारून दिवा घालवला जातो आणि विषय संपतो. पण दिवा विझणे आणि बिघाड निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीमालकाने स्वतः निर्धास्तपणे रीसेट करावा असा दिवा एकच असतो. बाकीचे दिवे दुरुस्तीनंतरच विझायला हवेत. ते कसे ओळखायचे?

दिव्याचा रंग काय सांगतो?

डॅशबोर्डवरच्या खुणा आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ठरलेल्या असतात. त्यामुळे गाडी कोणत्याही कंपनीची असली, तरी त्या जवळपास सारख्याच दिसतात. लाल दिवा म्हणजे धोका : सुरक्षित जागा पाहून लगेच थांबा. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे सूचना : गाडी चालेल, पण लवकर तपासून घ्या. हिरवा आणि निळा दिवा केवळ माहिती देतो. निळा दिवा हेडलाइट ‘अप्पर’ला असल्याचे सांगतो. काही गाड्यांत निळ्या थर्मामीटरचा अर्थ इंजिन अजून थंड आहे, असा असतो.

चावी ‘ऑन’ केली की बहुतेक दिवे काही क्षण एकदम लागतात. ही दिव्यांची चाचणी असते. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. या चाचणीत एखादा दिवा लागलाच नाही, तर बिघाड नाही असे समजू नका. जुन्या गाड्यांत मीटरमागचा छोटा बल्बही उडालेला असू शकतो.

‘सर्व्हिस’ आणि ‘चेक इंजिन’ हे दिवे एकच का?

नाही, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. पान्याचे चित्र किंवा ‘सर्व्हिस’ अशी अक्षरे दिसली, तर ती फक्त आठवण असते. मागच्या सर्व्हिसिंगपासून ठरावीक किलोमीटर झाले किंवा मुदत संपली, एवढेच ती सांगते. बहुतेक जुन्या गाड्यांत त्यामागे साधी मोजणी असते. ऑइल खरोखर किती खराब झाले आहे, हे त्या मोजणीला कळत नाही.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा म्हणजे ‘चेक इंजिन’. गाडीच्या संगणकाला एखाद्या सेन्सरकडून चुकीचा आकडा मिळाला किंवा धूर नियंत्रणाच्या यंत्रणेत दोष दिसला, की तो लागतो. त्याचा किलोमीटरशी संबंध नसतो.

सर्व्हिसचा दिवा रीसेट कसा करायचा?

आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच रीसेट करा. अनेक गाड्यांत पद्धत अशी असते : चावी ‘ऑफ’ ठेवून मीटरवरचे ट्रिपचे बटण दाबून धरायचे, बटण न सोडता चावी ‘ऑन’ करायची, पण इंजिन सुरू करायचे नाही. पान्याची खूण लुकलुकून विझेपर्यंत किंवा आकडा शून्यावर येईपर्यंत बटण दाबूनच ठेवायचे. काही गाड्यांत हे काम मीटरवरच्या मेनूमधून होते, तर काहींना स्कॅनर लागतो. आपल्या गाडीची नेमकी रीत मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. पुस्तिका हरवली असेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येते.

गाडीत असा दिवाच नसेल, तर जुना उपाय आजही चांगला : ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. शेतरस्त्याची धूळ आणि रोजच्या छोट्या फेऱ्या असतील, तर पुस्तिकेतली ‘कठीण वापरा’ची कमी मुदत पाळावी.

कोणता दिवा लागला तर गाडी पुढे नेऊ नये?

ऑइलच्या किटलीचा लाल दिवा : हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, तर दाब कमी झाल्याचे सांगतो. दाब नसेल तर बेअरिंगना वंगण मिळत नाही आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटांनी सपाट जागी डिपस्टिक पाहा. ऑइल कमी असेल तर भरा. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर इंजिन सुरू ठेवू नका, गाडी टोचन करून न्या. कदाचित फक्त प्रेशर स्विच खराब निघेल, पण ते गेजने दाब मोजल्यावरच ठरवता येते.

थर्मामीटरचा लाल दिवा : इंजिन तापले आहे. एसी बंद करा, हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करा आणि जागा मिळताच थांबा. हीटरमुळे इंजिनातली थोडी उष्णता बाहेर पडते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून चेहरा आणि हात भाजतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट पाहा. उन्हाळ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव हा घाटाखालचा पट्टा आधीच तापलेला असतो. त्यात भरलेली गाडी कमी गिअरमध्ये घाट चढते, तेव्हा रेडिएटरवर येणारा वारा कमी आणि इंजिनावरचा ताण जास्त असतो. सपाट रस्त्यावर लपलेला पंख्याचा किंवा थर्मोस्टॅटचा दोष म्हणूनच घाटात उघडा पडतो.

बॅटरीचा लाल दिवा : अनेकांना वाटते, बॅटरी संपत आली. खरे तर चार्जिंग होत नसते. अल्टरनेटर बिघडलेला असतो किंवा बेल्ट तुटलेला असतो. अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो, त्यामुळे थोड्याच वेळात इंजिन तापते. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंपही अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. तिथे बेल्ट तुटला की ब्रेक दगडासारखा कडक होतो. घाट उतरताना हा दिवा लागला, तर गिअर कमी करून वेग आवरा आणि थांबा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी कधीही उतरवू नका.

ब्रेकचा लाल दिवा : आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का, ते पाहा. सुटला असेल तर ब्रेक ऑइल तपासा. पातळी कमी असण्याची दोन मुख्य कारणे असतात, झिजलेले ब्रेक पॅड किंवा गळती. नुसते ऑइल भरून दिवा घालवला, तर कारण तसेच राहते. पॅडल खोल जात असेल, तर गाडी हलवू नका.

डिझेल गाडीत आणखी एक दिवा महत्त्वाचा आहे, तो म्हणजे फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढता येते. दुर्लक्ष केल्यास कॉमन रेल इंजिनाचा पंप आणि इंजेक्टर खराब होतात, आणि तो खर्च जुन्या गाडीला परवडत नाही.

‘चेक इंजिन’ लागल्यावर काय करावे?

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर वेग कमी ठेवून एक-दोन दिवसांत तपासून घ्या. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल, तर इंजिन ‘मिसिंग’ करत असते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकते. तेव्हा थांबणेच बरे.

मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो. देशात बीएस-४ गाड्यांना ‘ओबीडी’ ही स्वयंतपासणी यंत्रणा २०१० पासून आणि तिचा पुढचा टप्पा २०१३ पासून लागू झाला. मात्र सुरुवातीला बीएस-४ मुंबई, पुणे, सोलापूर यांसारख्या १३ शहरांपुरते होते. देशभर ते १ एप्रिल २०१७ पासून आले. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांपैकी पुण्यात विकलेली स्कॅनरला उत्तर देईल आणि बुलढाण्यात विकलेली कदाचित देणार नाही.

कोड म्हणजे निदान नव्हे. ‘पी०१७१’ हा कोड मिश्रणात इंधन कमी पडते, एवढेच सांगतो. कारण फुटलेला हवेचा पाइप असेल, थकलेला पेट्रोल पंप असेल किंवा सेन्सर असेल. कोड पाहून लगेच सेन्सर बदलायला सांगितला, तर ‘आणखी काय तपासले?’ असे जरूर विचारा.

कोड नुसता पुसला तर?

बॅटरीची तार काढून किंवा स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतो. दोष कायम असेल, तर तो काही किलोमीटरवर किंवा काही दिवसांत परत लागतो. दरम्यान बिघाडाच्या वेळची नोंदही पुसली जाते आणि मेकॅनिकला पुन्हा शून्यापासून शोध घ्यावा लागतो. म्हणून पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जुनी गाडी विकत घेताना फसगत होते ती इथेच. चावी ‘ऑन’ केल्यावर चेक इंजिन, ऑइल आणि एअरबॅगचे दिवे लागून विझतात का, हे स्वतः पाहा. अजिबात न लागणारा दिवा संशयास्पद समजा. गाडी आधीच गरम करून ठेवलेली नको. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला सांगा. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर दिसते. सौद्याच्या दिवशी तो आकडा पाच-दहा किलोमीटर निघाला, तर व्यवहार थांबवा.

डॅशबोर्ड काय सांगत नाही?

बहुतेक जुन्या गाड्यांत टायरच्या हवेसाठी दिवाच नसतो. मेहकर, सिंदखेडराजा भागातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाडी तासन्‌तास एकाच वेगाने धावते. गावातल्या फेऱ्यांत तग धरणारा जुना टायर आणि अर्धवट भरलेला कूलंट तिथे दगा देतो. निघण्याआधी टायर थंड असताना हवा पाहा. कूलंट, ऑइल आणि बेल्टही पाहून घ्या.

रस्त्यात थांबावे लागले, तर चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे ठेवा आणि माणसांना कठड्यापलीकडे उभे करा. घाटात चाकाला दगड लावा आणि निघताना तो आठवणीने बाजूला काढा. मलकापूर-नांदुरा-खामगाव या राष्ट्रीय महामार्गावर १०३३, तर आणीबाणीत कुठेही ११२ हा क्रमांक आहे.

पान्याचा दिवा ऑइल बदलून विझवा. लाल दिवा दिसला तर थांबा, मग घर दोन किलोमीटरवर का असेना.