दोघांचं भांडण, फोन आपल्या हाती

सकाळच्या वेळी दिवा स्थानकात लोकलच्या बायकांच्या डब्यात शिरणं हे केवढं दिव्य आहे, ते इथल्या मैत्रिणींना सांगायला नको. एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी आणि ओढणी कुठे अडकत नाही ना ही धास्ती. पण एकदा का आत नीट उभं राहायला मिळालं, की पर्समधून पहिली वस्तू बाहेर येते ती फोन! पूर्वी याच डब्यात मटार सोलले जात, मेथी निवडली जाई, क्रोशाची सुई चाले. आताही मेथी निवडतात, नाही असं नाही. पण मेथीची पिशवी मांडीवर आणि कानाला फोन. कुणी हरिपाठ ऐकते, कुणी मुलाच्या शाळेचा निरोप वाचते, तर कुणी घरी लेकीला सांगत असते, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर गं!"

मैत्रिणींनो, आपल्या मुठीत मावणाऱ्या या वस्तूपायी जगात केवढी भाऊबंदकी झाली, कोण राजे झाले आणि कोण धुळीला मिळाले, हे कधी मनात आलं आहे का? चला, आज दुपारची कामं आटोपली असतील तर पाच मिनिटं बसा. ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

पहिला फोन केला तो प्रतिस्पर्ध्याला!

३ एप्रिल १९७३. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मार्टिन कूपर नावाचे गृहस्थ विटेएवढं एक यंत्र कानाला लावून उभे होते. हे मोटोरोला कंपनीतले इंजिनियर. त्यांची स्पर्धा होती ती बेल लॅब्ज या बलाढ्य संस्थेशी. बेलच्या लोकांचं लक्ष मोटारीत बसवायच्या फोनवर होतं. कूपर यांचं म्हणणं असं, की माणसाला फोन करायचा असतो तो माणसाला, मोटारीला किंवा भिंतीला नव्हे. म्हणून फोन माणसाच्या हातातच हवा. हातातल्या त्या यंत्रावरून त्यांनी पहिला फोन कुणाला केला असेल? घरी बायकोला? छे! त्यांनी तो केला बेल लॅब्जमधल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याला, जोएल एंगल यांना. 'बघा, आम्ही आधी केलं,' हे सांगण्याचा मोह मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही आवरत नाही तर!

त्या यंत्राचं वजन होतं किलोभराहून जास्त. ते बाजारात यायला आणखी दहा वर्षं लागली. १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा किंमत होती ३,९९५ डॉलर. दहा तास चार्ज करायचं आणि अर्धा तास बोलायचं!

या बेल लॅब्जचं अध्यक्षपद पुढे १९९९ मध्ये अरुण नेत्रावली यांच्याकडे आलं. ते आपल्या पवईच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. चित्रं आणि चलच्चित्रं आकड्यांत बांधून, आटोपशीर करून पाठवण्याच्या शास्त्रात त्यांचं मोठं काम आहे. आज परदेशातल्या नातवाचं तोंड आपण फोनवर बघतो, त्यामागे अशा लोकांची कित्येक वर्षांची खटपट आहे.

तेव्हा आपल्याकडे काय होतं?

फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहायची. लग्नपत्रिकेत शेजाऱ्यांचा नंबर 'पी.पी.' म्हणून छापायचा. वाण्याच्या दुकानात फोन आला, की त्याचा पोरगा जिन्याखालून हाक मारायचा आणि आपण हात पदराला पुसत धावत सुटायचं. बोलणं कमी आणि "ऐकू येतंय का?" जास्त. पुढे गल्लोगल्ली पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ आले, आणि रात्री दर कमी झाला की माहेरी बोलायला बायका तिथे रांगेत उभ्या राहू लागल्या.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलून देशात त्याचा श्रीगणेशा केला. पण दर ऐका: मिनिटाला १६ रुपयांपर्यंत, आणि आलेल्या फोनलाही पैसे! तिथूनच आपल्या काटकसरी डोक्यातून 'मिस्ड कॉल' निघाला. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे घ्यायला ये. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले. त्याच वर्षी पावसाळ्यात आपल्या पारसिकच्या डोंगरापलीकडे, कोपरखैरण्याला ठाण मांडलेल्या रिलायन्सने आधी ५०१ रुपये भरा आणि फोन घरी न्या, अशी योजना काढली. श्रीमंतांच्या खिशातली वस्तू रिक्षावाल्याच्या आणि भाजीवाल्या मावशींच्या हाती आली ती त्या सुमाराला.

राजा नोकिया आणि त्याची विजेरी

फिनलंडची नोकिया कंपनी १८६५ मध्ये कागदाच्या लगद्याचा कारखाना म्हणून सुरू झाली. पुढे ती रबरी बूटही करत असे. तिचा २००३ मधला ११०० नंबरचा फोन आठवतो? धूळ शिरू नये असे मऊ बटणांचे पट्टे, घामाने न निसटणारी पकड आणि डोक्यावर इवलीशी विजेरी. भारनियमनाच्या रात्री त्या विजेरीच्या उजेडात किती जणींनी पोळ्या लाटल्या असतील! जगभरात असे सुमारे २५ कोटी फोन खपले. नोकियाला कोण हरवणार, असंच सगळ्यांना वाटे.

बटणं गेली, बोट आलं

बोटाने चालणारा, पत्ते आणि कामाच्या नोंदी ठेवणारा फोन खरं तर आय.बी.एम.ने १९९४ मध्येच काढला होता. 'सायमन' त्याचं नाव. पण महाग, जड आणि बॅटरी तासाभराची. तो चालला नाही. वेळेआधी घातलेलं लोणचं मुरत नाही, तसं झालं. मग कॅनडाच्या ब्लॅकबेरीने बारीक बटणांचा, ई-मेलचा फोन साहेब लोकांच्या हाती दिला.

९ जानेवारी २००७ रोजी ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला. बटणांची पाटी गायब, सगळी काच! पुढच्याच वर्षी गूगलची अँड्रॉइड ही प्रणाली असलेला पहिला फोन आला. ॲपलने आपली पाककृती कपाटात कुलूपबंद ठेवली; गूगलने मात्र ती कुठल्याही कारखानदाराला वापरायला दिली. म्हणूनच दहा हजारांच्या आतही स्मार्टफोन मिळू लागला. नोकिया आणि ब्लॅकबेरी यांना हे वारं वेळेवर ओळखता आलं नाही. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, आणि ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबली. गर्वाचं घर खाली, दुसरं काय!

जावाजावांचा तंटा

सगळ्यात गाजलं ते ॲपल आणि सॅमसंगचं भांडण. कोरियाच्या सॅमसंगची सुरुवात १९३८ मध्ये सुकी मासळी आणि किराणा मालाच्या व्यापारातून झाली, हे आपल्या आगरी-कोळी मैत्रिणींना ऐकून गंमत वाटेल. आमच्या फोनची नक्कल केली, म्हणून ॲपलने २०११ मध्ये तिला कोर्टात खेचलं. २०१२ मध्ये ज्यूरीने शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. मग अपिलं, कमीजास्त, पुन्हा अपिलं. शेवटी २०१८ मध्ये तडजोड झाली. आणि एवढं सगळं चालू असताना ॲपलच्या फोनमधले महत्त्वाचे सुटे भाग पुरवत कोण होतं? सॅमसंगच! एकमेकींशी बोलणं बंद, पण भिंतीवरून साखरेची वाटी चालूच, अशातला प्रकार.

या भांडणात लाभ झाला तो तिसऱ्याचा, म्हणजे आपला. चिनी कंपन्या आल्या, किमती उतरल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट पाण्यासारखं वाहू लागलं. पण संसार करणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की फुकट काही नसतं. दुकानदार फुकट पिशवी देतो तीसुद्धा त्याची जाहिरात असते. इथे आपला वेळ आणि आपली माहिती, हीच किंमत.

पण घरातला फोन कुणाचा?

आता जरा मनातलं बोलते. आपल्याकडे नवा फोन येतो तो आधी ह्यांना, मग मुलाला. काच तडकली की तो आईकडे. सिमकार्डही बहुतेक ह्यांच्याच नावावर. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा फोनवर आली, तेव्हा घरातल्या एकुलत्या फोनसाठी दोन-तीन मुलांची वाटणी कुणी केली? आईनेच. ज्यांना आधी "तुला त्यातलं कळत नाही" म्हणून गप्प बसवलं होतं, त्याच चार दिवसांत सगळं शिकल्या.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बँकेचा ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, पैशाच्या कपाटाची किल्ली त्याच्या हातात. खातं तुमचं आणि नंबर दुसऱ्याचा, असं असेल तर ते खातं अर्धंच तुमचं. उद्या घरात दुखणंखुपणं आलं, कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर हीच अडचण डोंगराएवढी होते. यात नवऱ्यावर अविश्वास नाही; दोघांच्या हाताशी किल्ली असावी, एवढंच. तेव्हा एक सिमकार्ड स्वतःच्या नावावर घ्या आणि आपल्या खात्याला तोच नंबर जोडा.

एवढं जरूर करा

• फोन घेताना पक्कं बिल घ्या. किती वर्षं सुरक्षेची सुधारणा मिळणार, ते विचारा. चार कॅमेऱ्यांपेक्षा ते मोलाचं.

• तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणं दाबली की फोनचा पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तो हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा.

• लोकलच्या दारात फोन हातात धरू नका. खालून काठीचा फटका मारून फोन पाडणारे चोर असतात. फोन गेला तर दुसरा येईल. त्याला सावरताना आपला तोल जायला नको.

• चोरीला गेलाच, तर आधी सिम बंद करवा, बँकेला कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि सरकारच्या 'संचार साथी'वर तो क्रमांक देऊन फोन बंद पाडा.

• पैसे मिळायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. 'डिजिटल अटक' असं कायद्यात काही नाही. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० वर कळवा.

• भिजलेला फोन तांदळात पुरू नका, त्याची पूड आत जाते. बंद करा, पुसा, हवेशीर ठेवा आणि पुरता सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी टोचू-दाबू नका.

कूपर यांनी पहिला फोन केला तो जिंकल्याचं सांगायला. आपण गर्दीतून उतरून, जिना चढून, घाम पुसत फोन करतो तो "पोचले गं" एवढंच सांगायला. त्या दोन शब्दांसाठी घरी कुणीतरी वाट पाहत असतं. तो फोन आपल्या स्वतःच्या नावाचा असावा, एवढा हट्ट मात्र या दिवाळीला धराच.